साहेब, मीटर नको, आमच्या दारात किती फूट ते सांगा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी चिपळूणची. बाजारपेठेच्या मागच्या एका आळीत, जुन्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहते. खाली दोन बिऱ्हाडं, भिंतीला भिंत लागून चाचांचं घर, समोर शिवणकाम करणाऱ्या ताई. मृग लागला की आमच्या आळीत एक काम कुणी न सांगता सुरू होतं. खालच्या घरांतल्या जादा गाद्या, तांदळाचे डबे, लग्नाचे अल्बम, रेशनकार्ड आणि घराच्या कागदांच्या पिशव्या माझ्याकडे वर येतात आणि दसऱ्यापर्यंत वरच राहतात. चार महिने माझी अर्धी खोली शेजाऱ्यांची असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर 26 जुलै 2005 च्या पुराची खूण आहे. घरमालकांनी तेव्हा खिळ्याने ओढून ठेवलेली. पुढची सोळा वर्षं ती आमची मोजपट्टी होती. पाण्याचा विषय निघाला की बोट त्या खुणेकडे जायचं.

22 जुलै 2021 ची पहाट. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते आणि आदल्याच दिवशी बकरी ईद होती. पाऊस कोसळतच होता. खालच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "पाणी येईल का गं?" मी खाली उतरले, खुणेकडे पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "आलं तरी इथपर्यंत. फ्रिज टेबलावर चढवू, बाकीचं माळ्यावर टाकू." आम्ही तसंच केलं. पाणी आधी दारातून आलं नाही, न्हाणीच्या मोरीतून बुडबुडत वर आलं. मग उंबऱ्यावरून. उजाडेपर्यंत खूण पाण्याखाली गेली होती. भरलेला फ्रिज तरंगतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो टेबलावरून उचलला गेला, आडवा झाला आणि दारात जाऊन अडकला. आत काका होते. त्यांची एक बाजू अर्धांगवायूने गेलेली.

चाचांची दोन मुलं कौलांवरून आमच्या गॅलरीत आली, छातीभर पाण्यात उतरली, दारातला फ्रिज रेटून बाजूला केला आणि काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची डोक्याच्या वर धरून जिन्यापर्यंत आणलं. जिना अरुंद, खुर्ची वळेना. शेवटी काकांना उताणं धरून पायरी पायरीने वर घेतलं. काकू वर आल्या त्या फक्त औषधांचा डबा छातीशी धरून. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. आजही बोललेल्या नाहीत. पण "इथपर्यंतच येईल" हे मी सांगितलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

त्या दिवशी एका खोलीत आम्ही चौदा माणसं होतो. ताईंची शिवणयंत्रं खाली बुडत होती आणि त्या वर माझ्या पातेल्यात पेज ढवळत होत्या. तांदूळ चाचांच्या घरचा, गॅस माझा. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, म्हणून कौलाच्या पागोळीखाली कळशी लावली. वीज गेली, मग मोबाइलची रेंज गेली. पलीकडच्या आळीत काय चाललंय ते हाकांवरून कळायचं. दुपारनंतर खाडीकडच्या लोकांच्या होड्या गल्लीत आल्या. सरकारी पथकंही आली आणि त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं, ते आम्ही विसरणार नाही. पण पहिले कित्येक तास माणसाला माणूसच होता. पाणी ओसरल्यावरचा गुडघाभर चिखल, पंचनामे, दहा हजारांची मदत, हे सगळं आपल्या कागदांवर आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

साहेब, मला आपल्याशी बोलायचंय ते "इथपर्यंत" या शब्दाबद्दल.

आता पावसाळ्यात आमच्या मोबाइलवर निरोप येतात. आमच्या वाशिष्ठी नदीची पातळी इतके मीटर, इशारा पातळी 5 मीटर, धोका पातळी 7 मीटर. पूर्वीपेक्षा हे कितीतरी बरं आहे. पण काकू मला फोन दाखवून विचारतात, "म्हणजे आपल्याकडे किती?" आणि मला उत्तर देता येत नाही. मीटर नदीतल्या पट्टीवरचे. नदीत सात झाले तर चिंचनाक्यात किती, मुरादपूरला किती, पेठमापात किती, आमच्या मोरीतून कधी येणार? पूर्वी माझ्याकडे खिळ्याची खूण तरी होती. आता तिच्यावरही विश्वास उरला नाही.

हे सांगणं सोपं नाही, हे मला समजतं. आमचं पाणी एका वाटेने येत नाही. सह्याद्रीवर पडलेला पाऊस वाशिष्ठीतून येतो. पूर्वेकडे जाणारं कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलेलं आहे, कृष्णेच्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) ठरवून दिलेत. ते पोफळी, अलोरेच्या वीजघरांतून फिरून अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, म्हणून वाशिष्ठीतच उतरतं. उन्हाळ्यात नदी वाहती राहते ती या अवजलामुळे, त्याचे उपकार आम्ही मानतो. खालून दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटपर्यंत चढते. 22 जुलैला पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. आणि वाशिष्ठी फुगली की शहरातून येणाऱ्या शिवनदीला जायला जागा नसते, ती मागे फिरून बाजारात पसरते. त्या रात्री कुठून किती पाणी आलं, या वादात मी शिरत नाही. तो जाणकारांनी सोडवावा. मी एवढंच म्हणते की या चारांपैकी तीन गोष्टी कुणाला ना कुणाला आधी माहीत असतात. भरतीची वेळ पंचांगवालाही सांगतो. अवजल किती आणि कधी सुटणार ते वीजघराला माहीत असतं. घाटावर किती पाऊस पडला ते पर्जन्यमापकावर असतं. या तिन्ही आकड्यांची बेरीज करून आमच्या आळीला एका वाक्यात सांगणारं मात्र कुणी नाही.

आणि जमिनीचे नकाशे आपल्याकडे आहेत. आपल्याच खात्याने चिपळूणवर निळी आणि लाल पूररेषा आखली. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणारा कुठवर ती लाल. अर्धं शहर त्या रेषांत आलं आणि बांधकामाच्या परवानग्यांवरून केवढा गहजब झाला, तो आपणांस माहीत आहे. ज्या नकाशावरून माझ्या घरावर एक खोली वाढवायची की नाही हे ठरू शकतं, त्याच नकाशावरून माझ्या दारात किती पाणी येईल तेही काढता आलं पाहिजे. पहिलं काम होतं आणि दुसरं होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझी मागणी अशी की प्रत्येक आळीत एका ठरलेल्या खांबावर किंवा भिंतीवर पक्क्या रंगाने खुणा करा. नदीत पाच मीटर झाले की इथे काही नाही, सहाला घोट्यापर्यंत, सातला कमरेपर्यंत, जे काय असेल ते. मग निरोपात फक्त एवढं यावं, "पहाटे चारच्या भरतीला पिवळ्या खुणेपर्यंत पाणी येण्याची शक्यता." हे काकूंना कळेल, चाचांना कळेल, दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या हमालालाही कळेल. आणि हा निरोप संध्याकाळी, उजेड असताना यावा. रात्री दोन वाजता आजारी माणसाला कुठे हलवणार? वीज नि रेंज गेल्यावरही ऐकू जावं म्हणून देवळाचा आणि मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालेल अशी सोय करून द्या. आवाज द्यायला माणसं आमची आहेत.

सहा तास आधी कळलं तर काय वाचेल? ताईंची शिवणयंत्रं वाचतील. 1864 साली सुरू झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 ला पाणी शिरलं, 2021 लाही शिरलं. पुस्तकं वर न्यायला शाळेतली पोरंसुद्धा रांग लावून उभी राहतील, फक्त त्यांना वेळ मिळाला पाहिजे.

गाळाचं थोडक्यात लिहिते. डिसेंबर 2021 मध्ये गाळ काढा म्हणून आमची माणसं थंडीत साखळी उपोषणाला बसली, तेव्हा नदीत यंत्रं उतरली. दर पावसात डोंगर नव्याने खाली येतात, म्हणजे गाळ दरवर्षीच येणार. त्यासाठी दरवर्षी उपोषण करायला लावू नका. काढलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्या पावसात तो पुन्हा नदीत जातो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आळीतल्या आम्ही बायकांनी यंदा एक यादी केली आहे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं, कुणाचा जिना इतका अरुंद आहे की खुर्ची वळत नाही, आणि पाणी आलं तर कुणी कुणाला उचलायचं. एका वहीत, निळ्या शाईने, नावं-नंबरांसकट. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती मी वरच्या फडताळात ठेवली आहे. तिची एक प्रत होडी घेऊन येणाऱ्या पथकाकडे असावी असं आम्हाला वाटतं. ती कुणाकडे आणून द्यायची, तेवढं कृपा करून कळवा.

आपली विश्वासू,
वाशिष्ठीकाठची एक चिपळूणकर