होडीला सिलिकॉन फासू नका

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या होड्यांच्या डागडुजीवरचा मजकूर वाचला. ॲल्युमिनियमच्या होडीत पाणी येत असेल तर आतून सिलिकॉन फासा, असा सल्ला त्यात आहे. माझी हयात पत्र्याच्या कामात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

पाणी जिथे साचते तिथूनच ते शिरते असे नाही. पुढून आलेले पाणी फळ्यांखालून वाहत मागे जमते आणि लोक मागेच लांबी (पुट्टी) भरत बसतात. त्यापेक्षा होडी जमिनीवर भक्कम टेकूंवर ठेवा आणि आतच चार-सहा इंच पाणी भरा. काठोकाठ मात्र नको. एक घनमीटर पाण्याचे वजन 1000 किलो, तळाला बाक येईल. बाहेरून तळ कोरडा पुसा आणि वाट पाहा. कुठल्या तरी रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडायला ठोकून बसवलेल्या खिळीच्या, टोपीभोवती बारीक ओल उमटेल, टपोरी होईल, गळेल. तिथे खडूने खूण करा.

बहुतेक वेळा पत्रा शाबूत असतो, रिव्हेट ढिली झालेली असते. ढिल्या रिव्हेटला मलम नको, मार हवा. एकाने आतून रिव्हेटच्या शेपटाला डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरायची, दुसऱ्याने बाहेरून टोपीवर हातोडा घालायचा. आधी ठोका खुळखुळा वाजतो, रिव्हेट बसली की भरीव. कान असलेल्याला हे सांगावे लागत नाही. पारच झिजली असेल तर ड्रिलने काढून नवी घाला, तीही ॲल्युमिनियमचीच. तांब्या-पितळेची घातलीत तर ओलाव्यात ती शाबूत राहील आणि भोवतालचा पत्रा खाल्ला जाईल. आतून हात पोहोचत नसेल तर पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने हत्याराने ओढून बसवायची पोकळ रिव्हेट, चालेल, पण बंद तोंडाची. साधीच्या पोटातूनच पाणी झिरपते.

आता सिलिकॉन. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ॲल्युमिनियमला ते बाधते. शिवाय त्याच्यावर नंतर ना रंग धरत, ना इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट होणारा चिकटा).

चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग ॲसिटोनने पुसून, स्टेनलेसच्या वायर ब्रशने घासून लगेच इपॉक्सी लावा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पुन्हा चढायला वेळ लागत नाही. मोठ्या चिरेला आर्गन वायूच्या आवरणातले वेल्डिंग, तेही सरावाच्या हाताकडून. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण वरचा ऑक्साइड 2000 च्या पुढे. नवशिक्याच्या हातून वरची साय तशीच राहते आणि खालचा पत्रा गळून भोक मोठे होते.

कृपया पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापावी. एकदा फासलेले सिलिकॉन रिव्हेटच्या टोप्यांभोवतून खरवडून काढण्यात अख्खा दिवस जातो, आणि ते काम शेवटी आमच्यासारख्यांच्याच गळ्यात येते.

— एक निवृत्त पत्राकाम कारागीर