इंग्रजी शिव्यांचा अर्थ वर्गात सांगायला हवा

संपादक महोदय,

मराठी माध्यमाच्या शाळेत मी पंचवीस वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. पुण्यातील एका कॉल सेंटरमध्ये ब्रिटिश ग्राहकांशी बोलण्याचे काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी गेल्या महिन्यात भेटला. एका संतापलेल्या ग्राहकाने त्याला ‘आर यू टेकिंग द पिस?’ असे विचारले होते. ‘माझी टिंगल करतोस का?’ असा त्याचा अर्थ. पण ‘पिस’ म्हणजे लघवी एवढेच ठाऊक असलेल्या या मुलाने गोंधळून, सवयीने ‘येस सर’ म्हटले आणि ग्राहकाने तक्रार नोंदवली. ही उणीव त्याची नसून आम्हा शिक्षकांची आहे.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी या शब्दांबद्दल वर्गात आम्ही अवाक्षर काढत नाही. मालिकांतून आणि मोबाईलवरील खेळांतून मात्र ते मुलांच्या कानांवर सतत पडतात. नुसता अर्थ कळूनही भागत नाही, कारण शिवीची धार देशागणिक बदलते. ‘पिस्ड’ म्हणजे ब्रिटनमध्ये दारू चढलेला, तर अमेरिकेत चिडलेला. ‘फॅनी’ हा अमेरिकेत बुडासाठीचा सौम्य शब्द, तर ब्रिटनमध्ये स्त्रीच्या गुप्तांगाचे असभ्य नाव. ‘ब्लडी’ हा शब्द १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर उच्चारला गेला तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. २००६ साली ऑस्ट्रेलियाने तो पर्यटनाच्या सरकारी जाहिरातीतच वापरला आणि ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर त्या जाहिरातीला सुरुवातीला मनाई झाली. आपल्याकडे तर काहीजण तो केवळ रुबाबासाठी वापरतात, हे मला फार खटकते.

मित्राने सहज म्हटलेले ‘च्यायला’ आणि भांडणात आईवरून दिलेली शिवी यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही, कारण तो गल्लीत ते ऐकतच वाढलेला असतो. इंग्रजीची अशी गल्ली त्याच्या वाट्याला येत नाही. अर्थ सांगितला तर मुले शिव्या देऊ लागतील, अशी भीती पालक बोलून दाखवतात. माझा अनुभव असा की अर्थ न कळताच मुले त्या अधिक सैलपणे वापरतात.

शिक्षण विभागाने किमान नववी-दहावीच्या वर्गांत शब्दकोशात शब्दापुढे दिलेल्या ‘ऑफेन्सिव्ह’ (अपमानकारक), ‘टॅबू’ (निषिद्ध) अशा खुणा वाचायला शिकवण्याची सोय करावी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयासाठी एक तास राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

– एक इंग्रजी शिक्षक, सातारा