मला कुणी उचललं नाही

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा मधेच प्रश्न विचारतात आणि आईपर्यंत अर्धंच पोचतं, म्हणून लिहूनच पाठवते. जपानमध्ये माझी व्हीलचेअर घेऊन एकटीच क्योटोला नीट पोचले.

बाबांचा पहिला प्रश्न माहितीये, ट्रेनमध्ये चढवलं कुणी? कुणीच नाही. टोकियोत गेटवरच्या स्टाफला कुठे जायचंय तेवढं सांगायचं, तो घडीचा रॅम्प काखेत मारून सोबत येतो, डब्याचा आणि दाराचा नंबर प्लॅटफॉर्मवर जमिनीवरच लिहिलेला असतो तिथे थांबायचं, गाडी आली की उतरणारे उतरतात, हा रॅम्प टाकतो आणि मी माझी मी आत. उतरायच्या स्टेशनला त्यांनी आधीच फोन केलेला असतो, अमुक डबा अमुक दार, त्यामुळे दार उघडलं की समोर दुसरा माणूस रॅम्प घेऊन हजर. काही ठिकाणी डबा आणि प्लॅटफॉर्म इतके लेव्हलला आणलेत की रॅम्पपण लागत नाही. उचलून घ्यायला चार माणसं नाहीत, "सांभाळून सांभाळून" नाही, मला तर पहिल्यांदा चुकल्या-चुकल्यासारखंच झालं.

क्योटोपर्यंत शिंकान्सेनने, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनने आले. व्हीलचेअरची जागा 11 नंबरच्या डब्यात, 2021 पासून नव्या एन700एस गाड्यांत अशा 6 जागा असतात. खुर्ची 120 सेंमी लांब, 70 सेंमी रुंद एवढ्यात बसावी लागते, मी टेप लावून मोजली होती. आणि आई, टॉयलेट त्याच डब्यात, आत खुर्ची पूर्ण वळते. झालं समाधान?

सगळं गोड नाहीये पण. लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या कुठल्यातरी टोकाला, तिथे धडधाकट लोक बॅगा घेऊन आधीच लाईनीत. पुढच्या स्टेशनवर माणूस मोकळा नसेल तर समोरची गाडी सोडायची. आणि मनात आलं म्हणून मधेच उतरता येत नाही, एकदा खिडकीतून मस्त नदी दिसली, पण रॅम्पवाला पुढच्या स्टेशनवर उभा! हे मला खरंच खुपलं, बाकीचे कसे हवं तिथे उतरतात.

परवा हिरोशिमा. तिथल्या जुन्या ट्रॅमला पायऱ्या आहेत, लो-फ्लोअरवाली येईपर्यंत थांबेन. बाबा, हे वाचून "राहू दे, जाऊ नकोस" म्हणू नका, तिकीट काढून झालंय.

तुमची,
मी