झाडं ओळखायचं पुस्तक घेताना

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पेपरात झाडं लावा झाडं लावा असं येत असतं, ते ठीकच, पण लावलेलं झाड ओळखायचं कसं हेही कधीतरी छापा की. आमच्या वडोदऱ्याच्या कमाटीबागेत फिरायला येणारे निम्मे लोक आसोपालवालाच अशोक म्हणतात, आणि खरा सीताअशोक शेजारी असला तरी बघत नाहीत. आसोपालवाचं पान साधं, लांब, कडा लाटेसारखी, सीताअशोकाचं संयुक्त, म्हणजे एका दांडीवर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या छोट्या भागांच्या, जोड्या, कोवळी असली की तांबूस आणि लोंबती. पान कुठलं नि पर्णिका कुठली हे कळत नसेल तर देठाच्या बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा बारीक कोंब, आहे का बघायचं, डोळा पानाच्या बगलेत असतो, पर्णिकेच्या नसतो. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

पुस्तक घेताना फुलांच्या रंगावर लावलेलं घेऊ नका, दिसतं छान पण गुलमोहर उन्हाळाभर फुलून गेला की मग काय करणार? तेव्हा शेंग बघावी लागते, गुलमोहराची हातभर लांब नि काळपट, तशाच पानांच्या पण पिवळ्या फुलांच्या पीतमोहराची बोटाएवढी, तांबूस. तर पानांवरून शोधता येईल असं, खोड आणि शेंगांचेही फोटो असलेलं, शास्त्रीय नावांची सूची असलेलं, आणि मुख्य म्हणजे आपल्या गुजरात-महाराष्ट्राकडचं पुस्तक घ्या. विलायती झाडांचं चकचकीत पुस्तक इथे काय कामाचं! आणि पिशवीत मावेल असंच घ्या, जाडजूड ग्रंथ घरीच राहतो.

रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक झाड द्याल का, फोटो पानाचा हवा, फुलाचा नंतर.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा