फाईल शेअरिंगसाठी फायरवॉल बंद करू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या दोन संगणकांत फाईल शेअरिंग चालेनासे झाले की तीन सल्ले ठरलेले असतात: फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) बंद करा, एसएमबी-१ (विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलीची, जुनी आवृत्ती) चालू करा, आणि फोल्डरला 'एव्हरीवन'च्या, म्हणजे सर्वांच्या, नावाने 'फुल कंट्रोल' देऊन टाका. कधीकधी यांतला एखादा लागू पडतो, म्हणूनच हे सल्ले तोंडोतोंडी पसरत राहतात. पण मूळ दोष तसाच राहतो आणि घराचे एक दार मात्र कायमचे उघडे पडते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज दोन संगणक असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुढचे तपशील मुख्यतः विंडोज १० आणि ११ चे आहेत.

गोंधळाची सुरुवात होते ती एक्सप्लोररच्या 'नेटवर्क' या खान्यात. तिथे दुसऱ्या संगणकाचे नाव दिसले नाही की शेअरिंग बिघडले असे धरले जाते. वास्तविक नाव दिसणे हे एक काम आणि फाईलपर्यंत पोहोचणे हे दुसरे. ही दोन कामे विंडोजचे वेगवेगळे भाग करतात. पूर्वी नावांची यादी 'कॉम्प्युटर ब्राउझर' ही सर्व्हिस (मागे चालणारा विंडोजचा प्रोग्राम) ठेवायची आणि ती एसएमबी-१ वर अवलंबून होती. २०१७ च्या शरदात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ मुळात बसवलेले नसते, त्यामुळे ती जुनी यादीही गेली. एसएमबी-१ चालू केल्यावर नाव परत दिसते ते याच कारणाने, आणि लोकांना वाटते की रोग बरा झाला.

एसएमबी-१ काढले गेले त्याला सबळ कारण होते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच प्रोटोकॉलच्या विंडोजमधल्या दोषातून एका संगणकावरून दुसऱ्यावर शिरत गेला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजला एसएमबी-२ येते, त्यामुळे एका टोकाला विंडोज ७ असले तरी एसएमबी-१ ची गरज नाही. ती लागते विंडोज एक्सपीला, काही जुन्या नेटवर्क डिस्कना (राउटरला जोडून घरभर वापरायच्या डिस्कना) आणि स्कॅन थेट फोल्डरात टाकणाऱ्या जुन्या प्रिंटरना. अशा यंत्राचे फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावे. ते मिळत नसेल तर त्या एका यंत्रापुरता पेनड्राइव्ह वापरलेला बरा.

नावे दिसायला हवीच असतील तर त्याचा आजचा उपाय वेगळा आहे. संगणकाने आपले अस्तित्व जाहीर करायचे काम 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' या सर्व्हिसकडे असते. ती मुळात 'मॅन्युअल'वर असल्याने प्रत्येक वेळी सुरू असेलच असे नाही. दोन्ही संगणकांवर 'सर्व्हिसेस' उघडून ती 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' करावी. 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट'ही सुरू आहे ना, ते पाहावे. त्यानंतरही यादी भरायला थोडी मिनिटे लागू शकतात.

बिघाड शोधताना मात्र ही यादी विसरून जावी. ज्या संगणकावर फाईली आहेत तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा देऊन 'आयपीव्ही४ ॲड्रेस'समोरचा आकडा, म्हणजे त्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता किंवा आयपी, लिहून घ्यावा. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. दुसऱ्या संगणकावर एक्सप्लोररच्या ॲड्रेस पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि लगेच तो आकडा, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबावे. फोल्डरांची यादी आली तर काहीच बिघडलेले नाही, फक्त नाव दिसत नव्हते. युजरनेम आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली तर वाट मोकळी आहे, अडले आहे ते ओळखीपाशी. फोल्डर दिसले पण उघडताना 'ॲक्सेस डिनाइड' आले तर ओळखही पटली आहे, परवानगी कमी पडते आहे. आणि बराच वेळ थांबून '०एक्स८००७००३५', म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही असे आले, तर वाटच अडलेली आहे. ही एक चाचणी केली की फायरवॉल, पासवर्ड आणि फोल्डर यांपैकी नेमके कुठे हात घालायचा ते कळते.

वाट अडली असेल तर आधी दोन्ही संगणकांचे आयपी शेजारी शेजारी लिहावेत. घरच्या नेहमीच्या राउटरवर पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. एखाद्याचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. अशा वेळी केबल, वाय-फाय किंवा राउटरचे डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) पाहायचे, शेअरिंगच्या सेटिंगला हातही लावायचा नाही. एकाचा १९२.१६८.०.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.२० असेल तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक लागलेले आहेत: इंटरनेटवाल्याचा एक आणि आपण सिग्नलसाठी घेतलेला दुसरा. दोघांनी आपापले नेटवर्क थाटलेले असते. याची खूण अगदी स्पष्ट आहे: आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्या राउटरवरच्या संगणकापर्यंत पोहोचतो, पण उलट दिशेने जाता येत नाही. शेअरिंग 'एकाच बाजूने चालते' अशा तक्रारीत सर्वांत आधी हेच तपासावे. आतला राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर (ज्यात तो वेगळे नेटवर्क न थाटता फक्त सिग्नल पुरवतो) टाकला की प्रश्न मिटतो. ती सोय नसेल तर त्याला आधी मुख्य राउटरच्या मालिकेतला पण डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा, मग त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि मुख्य राउटरकडून येणारी केबल 'वॅन' (इंटरनेटच्या) ऐवजी त्याच्या एखाद्या 'लॅन' (घरच्या नेटवर्कच्या) पोर्टात लावावी.

आकडे जुळूनही वाट अडत असेल तर एखादा संगणक गेस्ट वाय-फायवर आहे का पाहावे. गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना घरातल्या इतर यंत्रांशी बोलू दिले जात नाही, ते त्यासाठीच असते. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असले तरी हाच परिणाम होतो. व्हीपीएन (नेटवर्कची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सोय) चालू असेल तर चाचणीपुरते बंद करावे.

यानंतर फायरवॉल. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' ठरवते आणि पब्लिक नेटवर्कवर बाहेरून येणारे शेअरिंग अडवते. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क असते आणि ते पब्लिक धरले जाते. राउटर बदलल्याच्या दिवसापासून शेअरिंग बंद पडते ते यामुळे. 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'खाली त्या वाय-फायच्या किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रायव्हेट' निवडावे आणि 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेट विभागात 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करावे. वेगळा अँटिव्हायरस असेल तर बहुधा त्याची स्वतःची फायरवॉल असते. तिच्यातही हे नेटवर्क विश्वासाचे म्हणून नोंदवावे लागते. शंका फिटत नसेल तर फायरवॉल एका मिनिटापुरती बंद करून बघायला हरकत नाही, पण लगेच चालू करावी. बंद असताना चालले तर दोष नियमात किंवा प्रोफाइलमध्ये (पब्लिक-प्रायव्हेटच्या निवडीत) आहे एवढेच सिद्ध होते. फायरवॉल बंद ठेवून तोच लॅपटॉप उद्या बाहेरच्या सार्वजनिक वाय-फायवर उघडला जातो, तेव्हा त्याचे शेअर केलेले फोल्डर तिथल्या अनोळखी यंत्रांसमोर येतात.

पिंगला (दुसरा संगणक उत्तर देतो का हे पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले नाही म्हणून वाट बंद समजू नये, कारण विंडोजची फायरवॉल पिंगही अडवू शकते. नेमकी चाचणी हवी असेल तर पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञांच्या खिडकीतली 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) ही आज्ञा त्या आयपीवर, पोर्ट ४४५ साठी (फाईल शेअरिंग याच क्रमांकाच्या दारातून चालते) द्यावी. उत्तरात शेवटी 'ट्रू' आले की फाईल शेअरिंगची वाट मोकळी आहे. हाच पोर्ट ४४५ राउटरमधून इंटरनेटकडे मात्र कधीही उघडू नये, मग बाहेरगावाहून फाईली पाहण्याची कितीही निकड असो.

सर्वांत जास्त वेळ जातो तो ओळखीपाशी. संगणक उघडायला जो चार आकडी पिन टाकतो, तो नेटवर्कवर चालत नाही. तो फक्त त्या यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो कित्येकांना आठवतही नसतो. लोकल अकाउंटला (फक्त त्याच संगणकावरच्या खात्याला) पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज अशा रिकाम्या पासवर्डला नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. यावर लोक 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून मोकळे होतात. त्याऐवजी पाच मिनिटांचे काम करावे: फाईली ज्या संगणकावर आहेत तिथे केवळ शेअरिंगसाठी एक वेगळे लोकल अकाउंट काढावे. 'अकाउंट्स', 'अदर युजर्स', 'ॲड अकाउंट', मग त्या व्यक्तीची माहिती नाही असा पर्याय, आणि शेवटी मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडण्याचा पर्याय. नाव छोटे, इंग्रजी अक्षरांत, पासवर्ड चांगला लांब. ते 'स्टँडर्ड'च ठेवावे, 'ॲडमिनिस्ट्रेटर' करू नये. या अकाउंटने त्या संगणकावर कुणी कधी लॉग-इन करण्याचीही गरज नाही. दुसऱ्या संगणकावर चौकट आली की युजरनेमच्या जागी आधी फाईलवाल्या संगणकाचे नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग हे अकाउंट असे लिहावे. संगणकाचे नाव न लिहिल्यास विंडोज कधीकधी ते अकाउंट आपल्याच यंत्रावरचे समजते आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

पासवर्ड बदलल्यानंतर अचानक बंद पडले तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये (विंडोजने साठवलेल्या पासवर्डांच्या जागी) 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली त्या संगणकाच्या नावाची किंवा आयपीची जुनी नोंद खोडावी. एरर १२१९ आली तर त्याच संगणकाशी वेगळ्या युजरने आधीच जोडणी झालेली असते. एकदा साइन-आउट करून परत आल्यावर ती सुटते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो वापरणाऱ्यांसाठी, बिनपासवर्डाचा गेस्ट प्रवेश बंद झाला आणि एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर ओळखीची सही) सक्तीचे झाले. अपडेटनंतर जुनी नेटवर्क डिस्क उघडेनाशी झाली असेल तर डिस्कवर युजर आणि पासवर्ड तयार करावा आणि तिच्या सेटिंगमध्ये एसएमबी-२ किंवा ३ चालू करावे.

परवानगीचे दोन कागद असतात, एक 'शेअरिंग' टॅबमध्ये आणि दुसरा 'सिक्युरिटी' टॅबमध्ये. दोन्हींपैकी जो कडक, तो लागू होतो. म्हणूनच शेअरिंगमध्ये एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊनही 'ॲक्सेस डिनाइड' येत राहते. शेअरिंगमध्ये एव्हरीवन काढून वर काढलेल्या अकाउंटला 'चेंज' आणि सिक्युरिटीत त्याच अकाउंटला 'मॉडिफाय' द्यावे. पूर्ण सी ड्राइव्ह किंवा आपले सगळे युजर फोल्डर शेअर न करता एक वेगळे फोल्डर काढावे. त्यात फाईली टाकताना एक बारीक गोष्ट आड येते: एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाईल आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन येते, तर कॉपी केलेली फाईल नव्या फोल्डरची परवानगी घेते. नऊ फाईली उघडतात आणि दहावी उघडत नाही, त्याचे कारण बहुतेक हेच. ती पुन्हा कॉपी करावी.

मॅकवर 'फाईल शेअरिंग'च्या 'ऑप्शन्स'मध्ये विंडोजसाठी अकाउंटवर खूण करून पासवर्ड द्यावा लागतो. लिनक्सवर सांबाचा (विंडोजशी फाईल शेअरिंग करणाऱ्या प्रोग्रामचा) पासवर्ड लॉग-इनपेक्षा वेगळा ठेवलेला असतो, तो एकदा स्वतंत्रपणे टाकावा लागतो. सकाळी चालते आणि दुपारी नाही, असे असेल तर फाईलवाला संगणक झोपी जातो का, ते 'स्लीप' सेटिंगमध्ये पाहावे. आयपी बदलत असेल तर राउटरमध्ये तो राखून ठेवावा.

शेअरिंग चालते पण रखडते, त्याबद्दल. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला फक्त चार. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी इंटरनेट चालू राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फाईल मात्र सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जायची ती ११ वर येते. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिंक स्पीड' १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसला तर केबलचे पारदर्शक टोक उजेडात धरून पाहावे: आठही तारांची तांब्याची टोके पुढच्या भिंतीला टेकलेली हवीत. एखादी मागे राहिलेली दिसली तर टोक नव्याने क्रिंप करावे (दाबून बसवावे) किंवा केबल बदलावी. हजारो छोटे फोटो हळू जातात ते वेगळ्या कारणाने. प्रत्येक फाईलमागे उघडणे, लिहिणे, बंद करणे यांची देवाणघेवाण होते. त्यांची आधी एक झिप करून न्यावी.

ज्यांनी ते तीन 'उपाय' आधीच केले आहेत त्यांनी ते आज मागे घ्यावेत. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'एसएमबी १.०/सीआयएफएस'ची खूण काढून संगणक रीस्टार्ट करावा. फायरवॉल डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्ही प्रोफाइलवर चालू करावी. फोल्डरवरची एव्हरीवनची परवानगी वर सांगितल्याप्रमाणे काढावी, आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केले असेल तर तेही पुन्हा चालू करावे. मग 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'खालची 'शेअर्स' ही यादी उघडावी. नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असलेल्या नोंदींपैकी सी, ॲडमिन आणि आयपीसी या विंडोजच्या स्वतःच्या आहेत, त्यांना हात लावू नये. बाकी जे फोल्डर आता लागत नाही, त्याचे शेअरिंग तिथेच राइट क्लिक करून थांबवावे.

आपला नम्र,
नेटवर्क जोडणीचे काम करणारा एक वाचक