‘प्रिसिजन’ म्हणजे ‘अचूकता’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बातम्यांतून आणि जाहिरातींतून ‘प्रिसिजन’ या इंग्रजी शब्दासाठी सर्रास ‘अचूकता’ लिहिले जाते आणि ‘अ‍ॅक्युरसी’साठीही तेच. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारे घडवतात त्या विभागात, मोजमापे घेण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, अशा माझ्यासारख्याला ही सरमिसळ खटकते, कारण तिथे याच फरकावर जॉब (घडवलेला सुटा भाग) पास होतो किंवा भंगारात जातो.

0.01 मिलिमीटर लीस्ट काउंटच्या (म्हणजे किमान तेवढे माप दाखवणाऱ्या) मायक्रोमीटरने 20.00 मिलिमीटरचे स्लिप गेज (प्रमाण मापाचा धातूचा ठोकळा) पाच वेळा मोजले आणि पाचही वेळा 20.03 आले, तर ते मोजमाप प्रिसाइज खरे, पण अ‍ॅक्युरेट नव्हे; मायक्रोमीटरचे दोन जबडे, अ‍ॅन्व्हिल आणि स्पिंडल, एकमेकांना टेकवून पाहिले तर थिंबलवर, म्हणजे फिरत्या मापपट्टीवर, शून्याऐवजी तिसरी रेघ जुळलेली दिसते; म्हणजे उपकरणच दर वेळी 0.03 जास्त दाखवते. एकच चूक पाचही वेळा इमानाने करणाऱ्या उपकरणाला ‘अचूक’ कसे म्हणायचे? तो शब्द ‘अ‍ॅक्युरेट’साठी राखावा आणि ‘प्रिसाइज’ला ‘काटेकोर’ म्हणावे. शेतीवर लिहिणाऱ्यांनी ‘प्रिसिजन फार्मिंग’ला ‘काटेकोर शेती’ हा प्रतिशब्द केव्हाच रूढ केला आहे. तो शहरी बातमीदारीत का उतरत नाही, हे कळत नाही.

‘प्रिसाइज’च्या मुळाशी छाटणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. त्यामुळे करारातील किंवा कायद्यातील भाषेविषयी हा शब्द येतो, तेव्हा पाल्हाळ छाटलेली, ‘नेमकी’ भाषा असा अर्थ घ्यावा लागतो. तशा नेमक्या भाषेतही धडधडीत चुकीचे विधान करता येतेच.

खोट्या काटेकोरपणाचा नमुना तर घराघरांत आहे. वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी 1868 मध्ये माणसाच्या शरीराचे सरासरी तापमान 37 अंश सेल्सिअस असे ढोबळ आकड्यात मांडले. फॅरनहाइटमध्ये त्याचे 98.6 झाले आणि त्या दशांशामुळे लोक पाव अंशाच्या फरकानेही धास्तावू लागले. भाषांतरित बातम्यांतही हेच होते: मूळ मजकुरात ‘सुमारे दहा मैल’ असते, ते आपल्याकडे ‘सुमारे 16.09 किलोमीटर’ होऊन छापले जाते. प्रतिशब्दांचे काय ते सावकाश ठरवावे, पण ‘सुमारे’ आणि दोन दशांश स्थळे निदान एका वाक्यात येऊ देऊ नयेत, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी, पुणे