वाहिलेले केस, झाकलेले केस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विवाहित ज्यू स्त्रिया आपले केस केसांच्याच टोपाखाली झाकतात ही धर्मनियमातली पळवाट आहे, असे मत आपल्या पत्रसदरात एका वाचकाने मांडले आहे. ते मला मान्य नाही.

सनातनी ज्यू परंपरेत लग्न झालेल्या स्त्रीचे स्वतःचे केस परपुरुषाच्या दृष्टीस पडू नयेत असा दंडक आहे. तिने सुंदर दिसू नये असा नव्हे. म्हणून ‘शेटेल’, म्हणजे केसांचा टोप, त्यांच्यातील अनेक पंडितांना चालतो. ओव्हादिया योसेफ यांच्यासारख्या थोर धर्मगुरूंना तो चालत नसे. रुमालच बांधावा, असे ते सांगत. हा दंडक स्त्रीलाच का, हा प्रश्न मलाही पडतो; पण नियम पाळणारीला लबाड ठरवणे हे त्याचे उत्तर नाही.

मे २००४ मध्ये जेरुसलेमचे वयोवृद्ध धर्मगुरू योसेफ शालोम एल्याशिव यांनी भारतीय केसांचे टोप निषिद्ध ठरवले, कारण त्यांतले बरेच केस तिरुमलाला, म्हणजे तिरुपती बालाजीच्या देवस्थानात, उतरवलेले असतात आणि मूर्तिपूजेत अर्पण झालेली वस्तू वापरणे त्यांच्या धर्माला मंजूर नाही. त्यावर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि इस्रायलमध्ये स्त्रियांनी आपले महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले. पळवाट शोधणारी माणसे असे करत नाहीत.

त्याच्या आदल्याच वर्षी मुलीच्या दुखण्यातला नवस फेडण्यासाठी मी तिथल्या कल्याणकट्ट्यावर, म्हणजे केस उतरवण्याच्या जागी, केस दिले होते. देवस्थान ते लिलावात विकते, तेव्हा त्या जाळात माझेही केस असू शकतील. सोलापुरातल्या आमच्या तेलुगू शेजारणींना माझ्या मुंडणात काही वावगे वाटले नाही. सासूबाईंना मात्र कित्येक दिवस माझ्याकडे पाहवेना, कारण आलवण नेसलेली, केशवपन केलेली आत्या त्यांनी लहानपणी घरात पाहिली होती. तीन कात्र्या, म्हणजे कात्रीने तीनदा कापलेले थोडे केस, देऊन भागले असते, असे त्या म्हणत. बालाजीच्या डोक्याला जखम होऊन तिथले केस गेले, तेव्हा नीलादेवीने आपले केस कापून ती जागा झाकली, ही कथा मी सांगितल्यावर त्या थोड्या निवळल्या.

एल्याशिव यांच्या निर्णयाचा मला राग आला नाही. त्याआधी लंडनहून एक ज्यू धर्मपंडित मुद्दाम तिरुमलाला जाऊन आले होते. केस उतरवणे ही दर्शनापूर्वीची नुसती शुद्धी की तेच अर्पण, आणि डोके पुढे करणारी बाई मनात काय धरते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. माझ्या नवसाला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला हे विचारलेले नाही. विचारले असते, तर ते केस मी गोविंदाला वाहिले, असेच मी सांगितले असते. म्हणजे ज्यूंच्या शास्त्राप्रमाणे एल्याशिव यांनी ते नाकारले हे योग्यच झाले.

केस झाकणाऱ्या स्त्रियांविषयी, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, आपल्या पत्रात यापुढे काही छापले जाईल, तेव्हा नियम नेमका काय आहे आणि तो पाळणारी स्वतः काय म्हणते, हे तिला विचारून छापावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर